हौदाशेजारची भिंत

सोलापुरात गेली एकोणीस वर्षे मी सरकारमान्य मूल्यांकनकार म्हणून काम करतो. लोक आम्हाला बँकेचा व्हॅल्युअर म्हणतात : गृहकर्ज देण्याआधी बँक घर पाहून त्याची किंमत ठरवायला आम्हाला धाडते. मार्चचा शेवटचा आठवडा आमच्या कामात कसा जातो, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. बँकेच्या शाखांना वर्षअखेरीचे उद्दिष्ट गाठायचे असते, घर घेणाऱ्याला एकतीस तारखेच्या आत खरेदीखत उरकायचे असते, आणि या दोघांच्या मध्ये आम्ही दिवसाला आठ-दहा घरे पाहत फिरत असतो. मोजमाप घ्यायचे, चतुःसीमा जुळवायच्या, मंजूर नकाशा ताडून पाहायचा, फोटो काढायचे आणि संध्याकाळी अहवाल धाडायचा. आमच्यातले काही जण गाडीची काच खाली करून फोटो काढतात आणि पुढच्या घरी जातात. मी तसा नाही, असे मी २७ मार्च २०२५ पर्यंत समजत होतो.

त्या गुरुवारचे ते सहावे घर होते. जुळे सोलापूर परिसरात, जिथे पूर्वी ज्वारीची रानं होती अशा भागात, पंधरा वर्षांपूर्वी बांधलेल्या रो-हाउसच्या ओळीतले शेवटचे. रविवारी पाडवा होता आणि घराला नुकताच रंग दिलेला होता. पाडव्याच्या तोंडावर रंगवलेल्या विकाऊ घराकडे मी नेहमीच थोड्या संशयाने पाहतो, पण संशयाला वेळ लागतो आणि माझ्यापाशी तो नव्हता. घेणारे तिघे हजर होते : शाळेत शिक्षिका असलेल्या बाई, अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहणारे त्यांचे यजमान, आणि यजमानांचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील, ज्यांची सारी नोकरी गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, गेली होती. चौथा एजंट. तो सारखा घड्याळ पाहत होता.

पुढच्या खोलीतल्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून जमिनीकडे जाणारी एक तिरकी रेघ मला दिसली. रंगाखाली पुट्टी भरून घासलेली होती, पण दुपारचे ऊन भिंतीवर आडवे पडले होते आणि भरलेल्या जागेचा उंचवटा त्यात लपत नव्हता. मी तिच्यावर बोट फिरवले, वीस-बावीस इंच लांबी मनात नोंदवली आणि पुढे गेलो. काळ्या जमिनीवरच्या घराला एखादी भेग असायचीच. मी मागे वळलो तेव्हा वडील त्याच भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, तळवा लावून उभे होते.

"हितं गार लागतंय की ओ साहेब," ते म्हणाले.

बाहेर पारा चाळिशीला टेकलेला होता आणि बाजूच्या भिंती तापलेल्या होत्या. मी म्हणालो, "काका, पलीकडे पाण्याचा हौद आहे. हौदाशेजारची भिंत गारच लागणार." यजमान हसले, एजंट जरा जास्तच हसला. काकांनी हात काढला नाही. साळखात्यात सुताला दमट हवा लागते. तिथे तीस वर्षे काढलेल्या माणसाला भिंतीची ओल आणि भिंतीचा गारवा यांतला फरक तळव्याने कळत असणार, हे मला पुष्कळ नंतर सुचले. ते पुढे म्हणाले, "एक पावसाळा जाऊ द्यावा, मग बघावं, असं माझं म्हणणं होतं." त्यावर एजंटाने घाईचे सारे गणित मांडले. ते मी पूर्वी शंभरदा ऐकले होते, म्हणून त्या दिवशी नीट ऐकले नाही.

ते गणित असे होते. रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवते ते जागेचे दर दोन वर्षे वाढलेले नव्हते, म्हणून १ एप्रिलला ते नक्की वाढणार. दर वाढले की मुद्रांक शुल्क वाढणार. म्हणून एकतीस तारखेच्या आत खरेदीखत केले की तीस-चाळीस हजार वाचले. यातला पहिला भाग खरा ठरला. एप्रिल २०२५ मध्ये राज्याची सरासरी वाढ ३.८९ टक्के असताना सोलापूर महापालिका क्षेत्राची वाढ १०.१७ टक्के निघाली, राज्यात सर्वांत जास्त. एजंट आजही ते आकडे दाखवून आपली पाठ थोपटून घेत असेल.

खोट पुढच्या पायरीत होती. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेकनरप्रमाणे येणारे मूल्य, या दोहोंपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. हे घर ४६ लाखांना ठरले होते आणि रेकनरचा हिशेब मीच अहवालात केला होता : साडेतेहतीस लाख. त्यात दहा टक्के वाढ धरली तरी आकडा ३७ लाखांच्या आतच राहतो. म्हणजे ते एप्रिलमध्ये गेले असते, जूनमध्ये गेले असते, तरी शुल्क ४६ लाखांवरच लागले असते आणि एक रुपयाही जास्त पडला नसता. ज्यांचा व्यवहार रेकनरच्या जवळपास किंवा खाली ठरतो, त्यांच्यासाठी ही तारीख खरोखर मोलाची असते. आणि त्यांनासुद्धा मार्चमध्ये शुल्क भरून दस्तावर सह्या केल्या तर नोंदणीसाठी पुढे चार महिन्यांची मुदत मिळते. या कुटुंबाला ती तारीख लागूच नव्हती.

यजमानांचे दुसरे कारण आयकराचे होते. मुद्रांक शुल्क त्याच आर्थिक वर्षात भरले तर जुन्या करप्रणालीत कलम ८०सीखाली वजावट मिळत होती, हे बरोबर होते. पण त्या कलमाची मर्यादा सगळे मिळून दीड लाख रुपये होती, आणि बाईंचा भविष्य निर्वाह निधी व विम्याचे हप्ते यांनी ती डिसेंबरातच भरली होती. यजमानांची स्थिती फारशी वेगळी नव्हती.

ज्या ठिकाणी पैसे खरोखर वाचत होते, तिकडे मात्र कोणीच पाहिले नाही. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावावर निवासी घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आधी असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये निघाली. सोलापूर शहरात स्थानिक अधिभार धरून सहा टक्के पडतात, म्हणजे २,७६,००० रुपये. एकट्या बाईंच्या नावाने खरेदी झाली असती तर २,३०,००० पडले असते. फरक ४६,००० रुपयांचा. दस्ताचा मसुदा माझ्या फाइलमध्ये होता आणि त्यात पती-पत्नी दोघांची नावे होती. मी ते वाचले, मनात म्हणालो की वकील पाहून घेतील, आणि पान उलटले. एजंटाने त्यांना सांगितले होते की कर्जाला दोघे लागतात. कर्जाला सहकर्जदार म्हणून दोघे असणे आणि मालकीत दोघे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हे सांगायला मला अर्धा मिनिट लागला असता.

अहवालाच्या नमुन्यात 'बांधकामाची स्थिती' असा एक रकाना असतो, त्यात चांगली, मध्यम, खराब यांपैकी एकावर खूण करायची असते. मी 'चांगली'वर केली. हौदासाठी रकाना नसतो. ज्या शहरात पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून येते आणि नळाला चार-पाच दिवसांनी सुटते, तिथे हौद म्हणजे निम्मे घर. पण नमुना ठरवणाऱ्यांना ते कोण सांगणार?

अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, ते राहायला आले. आठवड्याच्या आत बाईंचा फोन आला. पुढच्या खोलीतली पुट्टी उघडली होती आणि भेगेत पोस्टकार्ड जात होते. शिवाय, त्या जरा संकोचाने म्हणाल्या, पाणी पुरत नाही. शेजाऱ्यांचा हौद पाचव्या दिवशीही अर्धा असतो, आमचा तिसऱ्या दिवशी तळाला जातो, आणि दोनदा टँकर मागवला.

या दोन तक्रारी त्यांनी एकाच फोनवर सांगितल्या नसत्या, तर माझ्या लक्षात आले असते की नाही, याची मला आजही खात्री नाही. मी त्याच संध्याकाळी गेलो. नळ सुटून हौद भरला होता. आत येणारा आणि पंपाकडे जाणारा असे दोन्ही वॉल्व बंद करायला लावले, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारली, झाकण लावले आणि रात्रभर कोणी हौदाचे पाणी घेऊ नये असे सांगितले. हौद आतून आठ फूट बाय सहा फूट, खोली पाच. पुरा भरला तर सुमारे पावणेसात हजार लिटर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला रेघेखाली मोजले तर चार इंच उतरले होते. अठ्ठेचाळीस चौरस फुटांवर चार इंच म्हणजे सोळा घनफूट, दिवसाला जवळजवळ साडेचारशे लिटर पाणी. झाकण बंद असलेल्या हौदातून इतके पाणी उन्हाने उडत नाही. ते भिंतीखालच्या काळ्या मातीत जात होते.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मे महिन्यात रानाला पडलेल्या भेगेत त्याचा हात कोपरापर्यंत जातो. घराचा पाया मुरमापर्यंत नेला तर हे सगळे वरच्या वर राहते. या ओळीचे पाये तिथवर गेलेले दिसत नाहीत. मग होते असे की हौदाकडचा कोपरा बारमाही ओल्या, फुगलेल्या मातीवर उभा राहतो आणि बाकीचे घर उन्हाळ्यात आकसणाऱ्या मातीबरोबर खाली बसते. भिंत मध्ये कुठेतरी सोडणार, आणि ती सोडते ती नेहमी खिडकीच्या कोपऱ्यापासून, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी.

काकांचा तळवा आणि माझी भेग, दोन्ही एकाच हौदाकडे बोट दाखवत होती, आणि आम्ही दोघे एकाच खोलीत चार हातांवर उभे होतो.

मला सर्वांत जास्त खुपते ते याच्या पुढचे. घर पावसाळ्यात पाहावे, हा सल्ला सगळेच देतात. काकांनीही दिला होता, आणि गच्चीची गळती, कठड्याच्या सांध्यातली ओल यांसाठी तो अगदी योग्य आहे. पण हा दोष पावसाळ्यात दिसला नसता. सगळीकडची माती भिजून सारखी फुगली की भेग मिटते आणि भिंतीची ओल पावसाच्या खात्यावर जाते. हौदाची गळती आणि काळ्या मातीची करामत पाहायची वेळ मार्च ते मे हीच. म्हणजे आम्ही अगदी योग्य महिन्यात त्या घरात होतो. लागत होती एक पेन्सिल आणि एक रात्र, आणि जी रात्र मिळाली नाही ती न वाचणाऱ्या पैशांसाठी मिळाली नाही. आता मी माझ्याकडे आलेल्या प्रत्येक घेणाऱ्याला, नमुन्यात रकाना नसला तरी, विसार देण्याआधी हौदात रेघ मारायला सांगतो. बँकेच्या एका अधिकाऱ्यांनी मला ऐकवले की हे व्हॅल्युअरचे काम नाही. नसेल.

दुरुस्तीचा पसारा मोठा नव्हता, गवंडी मिळवणे हेच खरे काम होते. मेच्या मध्याला अख्खे सोलापूर पावसाच्या धास्तीने गच्चीवर चढलेले असते आणि जानेवारीत रिकामा बसणारा गवंडी दीडपट मजुरी मागतो. वर उन्हाने सिमेंट ओले राहत नाही आणि पाणी मारायला पाणी नसते. गच्चीची कामे पावसाळ्यात गळतीच्या जागेवर खडूने खूण करून ठेवून गड्ड्याची यात्रा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, उठल्यावर करावीत, हे मी वर्षानुवर्षे सांगतो. माझ्या स्वतःच्या भावानेही कधी ऐकले नाही. असो. हौद उपसला तेव्हा दोष लगेच सापडला. नळाचा पाइप भिंतीतून आत येतो तिथला गिलावा सुटलेला होता आणि तळाच्या सांध्याला वाटा, म्हणजे गोलाई, मारलेलीच नव्हती. काटकोनातला तो सांधा एका बाजूने सरळ उघडा होता. खाचा पाडून भरल्या, आतून नवा गिलावा केला, वाटा मारला. बाहेर भिंतीलगतची तीन फुटांची काळी माती काढून मुरूम ठोकला आणि त्यावर बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन शहाबादी फरशी बसवली. सगळे मिळून एकतीस हजार लागले. पुन्हा पेन्सिलीची रेघ मारली आणि चोवीस तासांनी पाणी रेघेवरच होते. मेअखेरीस, नेहमीच्या कितीतरी आधी, पाऊस आला.

घर विकणाऱ्याला हे माहीत होते का? तो पुण्याला राहतो, घर भाड्याने दिलेले होते, आणि भाडेकरू टँकर मागवतात म्हणजे पाणी जास्त उधळतात असे तो म्हणतो. पुट्टी मात्र त्यानेच भरून घेतली होती. बाईंनी भांडण काढले नाही. त्यांनी मला एवढेच विचारले की त्या दिवशी तुम्ही भेगेवर बोट फिरवलेत, ते मी पाहिले होते, मग बोलला का नाहीत? मी सांगितले की तेव्हा मी बँकेकडून आलो होतो. हे उत्तर खरे आहे, पण ते देताना मला त्यांच्याकडे पाहता आले नाही.

भेग मी बुजवू दिलेली नाही. मातीचे एक वर्ष पुरे फिरल्याशिवाय ती थांबली की नाही हे कळत नाही, आणि त्याआधी भरलेली पुट्टी म्हणजे पुन्हा पाडव्याचा रंग. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने दोन फुल्या केल्या आहेत आणि काका दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पोलादी पट्टीने भेगेची रुंदी मोजून कॅलेंडरवर लिहितात. मेमध्ये चार मिलिमीटर, सीना नदीला पूर आला त्या सप्टेंबरात दीड, डिसेंबरातही दीड. यंदाचा गड्डा उठला आहे आणि परवा पहिली तारीख झाली. सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला.

"दोनच हाय ओ साहेब," ते म्हणाले, "पण अजून ऊन कुठं तापलंय?"