आईचं उत्तर, पोराचं उत्तर

"तसं बरं आहे हो, आता पूर्वीसारखं नाही." दम्याच्या मुलाची आई आमच्या लॅबमध्ये खुर्चीत टेकायच्या आत हे सांगून टाकते. मी पुण्यात पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या तपासण्यांची टेक्निशियन आहे. मुलांकडून फुंकर मारून घेणं हे माझं काम.

4 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी सात प्रश्नांचा एक कागद असतो. त्यातले पहिले चार प्रश्न मुलाचे. आज कसं वाटतंय, पळताना त्रास होतो का, खोकला येतो का, रात्री जाग येते का. उत्तर म्हणून हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवायचं. उरलेले तीन आईबाबांचे, गेल्या चार आठवड्यांबद्दल. एकूण गुण 27. 19 किंवा कमी आले तर दमा नीट आटोक्यात नाही, असं धरतात. मुलाचं बोट आईने हलवायचं नाही, एवढं मात्र मला दरवेळी सांगावं लागतं.

मागे एका मुलाने पळण्याच्या प्रश्नाला रडका चेहरा निवडला. आई म्हणाली, "अरे, रोज फुटबॉल खेळतोस की!" तो म्हणाला, "मी गोलकीपर असतो. पळावं लागत नाही."

मग फेनो, म्हणजे श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायचा. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असल्या की तो वाढतो. खोल श्वास घ्यायचा आणि एकसारखी, संथ फुंकर सोडायची. जोर लावला की मशीन नापास करतं. स्क्रीनवरचा ढग दोन रेषांच्या मधे ठेवायचा असल्यामुळे पोरं मोठ्यांपेक्षा बरी जमवतात. स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून फुप्फुसांचं काम मोजायची तपासणी, याच्यानंतर, कारण जोरात फुंकलं की आकडा काही वेळ खाली येतो. बीट-पालक खाल्लं असेल तर उलट वर जातो. मुलांमध्ये 20 पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत 20 भाग) खाली कमी, 35 च्या वर जास्त. आमच्या गोलकीपरचा 61 आला.

पंप तर रोज घेत होता. मी म्हटलं, घेऊन दाखव. स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) तोंडात, दोन पफ एकदम आत, आणि श्वास चक्क नाकाने! औषध स्पेसरमध्येच राहत होतं. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, आधी पद्धत बदलायला लावली.

उलटही होतं. एका मुलीचे गुण 15, फेनो 11, रात्रभर खोकला. तिथे ती सूज फारशी नसते, म्हणून सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप वाढवून फारसं हाती लागत नाही, खोकल्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. कधी मूल टुणटुणीत असतं, 27 पैकी 27, आणि आकडा 40 च्या वर. अशा वेळी मी नाकाकडे बघते. सकाळच्या सटासट शिंकांची ॲलर्जीही आकडा चढवते. फेनो बघून औषध बेतलं तर मुलांचे ॲटॅक कमी होतात, रोजच्या त्रासात मात्र फारसा फरक दिसलेला नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर नुसत्या आकड्याचा फोटो पाठवून "औषध बंद करू का?" विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: डॉक्टरांना दाखवा.

आणि येताना पंप, स्पेसर दोन्ही आणा. "घरी राहिलं" म्हणणाऱ्यांसाठी माझ्या टेबलाच्या खणात डमी पंप ठेवलेलाच असतो.