ट्राउट राहू द्या, ब्लूगिल धरा

फ्लाय फिशिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकदम माँटानाची नदी येते, कंबरभर पाण्यात उभा असलेला माणूस, ट्राउट मासा आणि हजार डॉलरचा रॉड. आपल्यातले बरेचजण तिथेच गार होतात. माझं म्हणणं असं की तुम्ही शिकागोच्या सबर्ब्समध्ये राहत असाल तर ट्राउटचं नाव सोडा, घराजवळचं तळं बघा, फोमच्या फ्लाय (हुकवर बांधलेले नकली किडे) बांधा आणि ब्लूगिल नावाच्या छोट्या माशाच्या मागे लागा. हेरिक लेक आहे, बसी वूड्स आहे, शिवाय प्रत्येक सबडिव्हिजनमध्ये पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं एक तरी तळं असतंच (तिथे आधी असोसिएशनला विचारा, काही ठिकाणी परवानगी नसते). सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना लायसन्स लागतं, ते ऑनलाइन मिळतं, त्यात काही विशेष नाही.

ब्लूगिल हा इलिनॉयचा राज्यमासा. १९८६ मध्ये शाळेतल्या पोरांनी मतदान करून निवडलेला, आणि बहुतेक म्हणूनच की काय इथले मोठे लोक त्याला अजून पोरांचा मासा समजतात. तळहाताएवढा, चपटा, कल्ल्याच्या टोकाला काळा डाग, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला नराची छाती अशी काही नारिंगी होते की बघत राहावं. आपल्याकडच्या तळ्यात मिळतो तो पाव किलोच्या आतलाच. वर्ल्ड रेकॉर्डचा अलाबामातल्या केटोना लेकमधला, १९५० चा, ४ पौंड १२ औंसांचा, तो वेगळा. पण हा छोटासुद्धा गळाला लागला की सरळ ओढत नाही, अंग आडवं करतो आणि गोल गोल फिरत राहतो, ३ वेटचा (वेटचा आकडा जेवढा लहान तेवढा रॉड हलका) रॉड पार वाकतो हो. मी मूळची रत्नागिरीकडची, लहानपणी मामाबरोबर खाडीवर गरवायला जायचे, गरीला कोळंबी लावून तासन्‌तास बसायचं, त्यामुळे मासा ओढतो म्हणजे काय हे मला माहीत होतं, तरी पहिल्या ब्लूगिलला मला वाटलं बास, म्हणजे इथला मोठा शिकारी मासाच लागला.

आता फोम. हा क्लोज्ड सेल फोम असतो, म्हणजे आत हवेचे बंद कप्पे, पाणी शिरायला जागाच नाही. पूर्वी पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लाय कॉर्कच्या किंवा हरणाच्या केसांच्या करायचे, केसांच्या फ्लाय दिसतात झकास पण थोड्या वेळाने भिजून जड होतात, मग पुसा, वाळवा, पावडर लावा. फोमला यातलं काही नको. क्राफ्टच्या दुकानात पोरांच्या प्रोजेक्टसाठी रंगीत शीट मिळतात ना, तेच, २ मिलीमीटर जाडीचं, एका शीटमध्ये अख्ख्या सीझनचा माल निघतो.

मी बांधते ती साधी फोम स्पायडर. दहा नंबरचा हुक (ब्लूगिलचं तोंड अगदी एवढंसं असतं, मोठा हुक लावलात तर नुसता टोचे मारत बसेल), दांड्यावर आधी दोऱ्याचा थर द्यायचा, त्यावर सुपर ग्लूचा एकच थेंब, नाहीतर फोम दांड्याभोवती गरागरा फिरतो. मग हुकच्या तोंडाएवढी रुंद पट्टी कापून मधोमध बांधायची. इथे घाई नको. बारीक दोरा एकदम ओढलात तर फोम सुरीने कापावा तसा कापला जातो, म्हणून जाडसर दोरा घ्या, पहिले दोन वेढे नुसते टेकवायचे आणि मग तिसऱ्या-चौथ्याला हळूहळू आवळायचं, फोम बरोबर दबतो आणि मुंगीसारखी कंबर तयार होते. त्या कंबरेत दोन्ही बाजूंना रबराचे पाय फुलीसारखे. झालं. रंगावरून लोक तासभर वाद घालतात पण मासा खालून बघतो, त्याला आकाशासमोर एक काळपट आकारच दिसतो, वरचा नारिंगी किंवा पोपटी रंग हा आपल्या डोळ्यांसाठी, संध्याकाळच्या उजेडात फ्लाय कुठे आहे ते कळायला पाहिजे म्हणून.

पाण्यावर पडली की काही करायचं नाही. खरंच काही नाही. तरंग पसरून विरेपर्यंत थांबायचं. पाय आपोआप थरथरत असतात, तेवढं पुरतं. पाणी स्वच्छ असेल तर ब्लूगिल खालून वर येताना दिसतो, फ्लायच्या बोटभर खाली येऊन थांबतो, डोळे लावून बघत राहतो, आपला श्वास इकडे अडकलेला, आणि मग एकतर वळून निघून जातो किंवा 'पुच्' असा आवाज करून फ्लाय आत ओढून घेतो. चावत नाही, शोषून घेतो. तो बघत असताना फ्लाय अगदी जराशी, पाय हलतील एवढीच हलवली तर बऱ्याचदा त्याचा निर्णय होतो.

सगळ्यात मजा मेच्या शेवटी आणि जूनमध्ये, पाणी साधारण २१ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की. नर काठाजवळच्या उथळ पाण्यात शेपटीने खड्डे करतात, एकाला लागून एक ताटं मांडावीत तसे, आणि मादी अंडी घालून गेली की राखण नरच करतो, जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. काही लबाड नर घर वगैरे बांधतच नाहीत, लहान असतानाच मादीसारखे दिसत मधे घुसतात आणि काम उरकून पसार. अशा वेळी फोम स्पायडर टाकली की प्रत्येक कास्टला मासा. पण तिथे उभं राहून एकेक मोठा नर उचलून घरी नेणं मला पटत नाही. मोठे नर गेले की उरलेले लहान वयातच विणीला लागतात आणि मग त्यांची वाढच खुंटते, तळं बोटभर माशांनी भरून जातं. तिथले मी सोडते. आई फोनवर म्हणते, "एवढे पैसे घालून गेलीस, मासा धरलास नि सोडलास?" तिला काय सांगणार. एरवी कधीतरी मध्यम आकाराचे चार आणते, रव्यात घोळवून तव्यावर, काटे आहेत पण चव छान गोडसर. सबडिव्हिजनच्या तळ्यातले मात्र नाही, लॉनवर मारलेलं सगळं औषध तिथेच वाहून येतं.

आणि हा मासा भलत्या ठिकाणी गेला तर काय होतं तेही शिकागोशीच जोडलेलं आहे. १९६० मध्ये जपानचे युवराज अकिहितो इथे आले होते, ते स्वतः माशांचे अभ्यासक, तर मेयर डेलींनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. जपानमध्ये ते पसरले, तिथल्या माशांच्या जिवावर उठले, आणि २००७ मध्ये सम्राट झालेल्या अकिहितोंनी त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

इथे त्यांना आवरायला बास आहे. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या होमर स्विंगलनी शेततळ्यांवर बरीच वर्षं हेच काम केलं, बास आणि ब्लूगिल एकत्र सोडले तर तळ्याचं गणित जमतं. म्हणजे ब्लूगिलच्या तळ्यात बास असतोच, फक्त वेळ वेगळी. सूर्य कलला की मी स्पायडर काढून गर्गलर लावते, बोस्टनच्या जॅक गार्टसाइडची ही फ्लाय, फोमची पट्टी मागून पुढे दुमडून आणायची आणि हुकच्या डोळ्यापुढे ओठासारखी उभी ठेवायची. लाइन ओढली की 'गुळुक' करते. चार नंबरचा हुक, शेवाळाच्या कडेला, दोनदा गुळुक आणि मोठी विश्रांती. बास आला की पाणी फुटतं, आणि तेव्हा रॉड वर उचलायचा नाही, लाइन हाताने ओढायची, नाहीतर फ्लाय त्याच्या तोंडातून निघून तुमच्या टोपीवर.

रॉड एकच घ्यायचा असेल तर ५ वेट घ्या, फोमला वारा लागतो आणि गर्गलर ३ वेटने फेकताना हात दुखतो. लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा) साडेसात फुटी बस झाला, पंचवीस-तीस फुटांच्या पुढे फेकायची गरज नाही, मासे काठालाच असतात. हुकचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका. आणि ब्लूगिल हातात घेताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून पाठीवरचे काटे आधी झोपवा, मग धरा, उलटं धरलंत तर तळहातात रुततात.