आतला बाक : आमची वाटचाल

आमचं काम कधी सुरू झालं असं कुणी विचारलं तर मी २०१५ सांगते आणि धाकटा भाऊ २०१७ सांगतो. २०१५ साली आम्ही पहिली गिटार पूर्ण केली. २०१७ साली घरात स्पिंडल सँडर आला, म्हणजे पॉलिश पेपर चढवलेल्या उभ्या फिरत्या ड्रमने लाकूड घासायचं मशीन. धंदा तिथून सुरू झाला असं त्याचं म्हणणं, आणि जुन्या वह्या चाळल्या की मलाही ते पटतं. आधीच्या दोन वर्षांत मिळून पाच गिटारी झाल्या होत्या. मशीन आल्यावर पहिल्याच वर्षी नऊ झाल्या.

आमचे वडील, अण्णा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत बिडाची (ओतीव लोखंडाची) वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो, आणि तो करणारा माणूस सुतारही असतो आणि मापाचा पक्का फिटरही. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा. त्यासाठी अण्णांकडे वेगळी पट्टी होती. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. निवृत्त झाल्यावर ती पट्टी, दोन गुण्ये, पटाश्या, रंधे आणि स्वतः बनवलेला एक डिस्क सँडर (फिरत्या तबकडीवर घासायचं मशीन) एवढं घेऊन ते घरी आले. शाहूपुरीतल्या आमच्या घराची मागची पडवी त्यांनी महिन्याभरात कामाची जागा करून टाकली.

भाऊ तेव्हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा आणि मित्रांच्या गिटारी दुरुस्त करून द्यायचा. एकदा नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, वाकलेली गिटार त्याने अण्णांपुढे ठेवली. अण्णांनी ती उलटसुलट केली, बॉडीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यात काय अवघड आहे? हे तर पॅटर्नचंच काम." त्या एका वाक्यावर आम्ही तिघं कामाला लागलो. मी कॉमर्सची, एका दुकानात हिशेब लिहायचे. संध्याकाळी घरी आले की घासकाम माझ्याकडे.

पोकळ गिटारीच्या बाजू वाफेवर वाकवाव्या लागतात, ते आम्हाला येत नव्हतं. म्हणून भरीव इलेक्ट्रिक गिटार निवडली. पॅटर्नसाठी आणलेलं जुनं सागवान पडून होतं, त्याच्या दोन फळ्या जोडून ४५ मिमी जाडीची बॉडी केली. सागवान जड होतं, त्यातलं तेल पॉलिश पेपरात भरून बसायचं, हत्यारांची धारही लवकर जायची. पुढे मिरजेला गेलो तेव्हा सतार-तंबोऱ्यासाठी वापरतात ते तूनाचं लाकूड हातात घेऊन पाहिलं. हलकं, सरळ रेषेचं, तासायला मऊ. तेव्हापासून आमच्या बहुतेक बॉड्या तूनाच्या असतात.

आमची खरी अडचण लाकडाच्या जातीची नव्हती, बाकाची, म्हणजे वळणाची होती. गिटारीचा खालचा घेर बाहेरच्या बाजूला गोल असतो. तो रंध्याने, कानशीने, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पेपरने, कशानेही येतो. पण कंबरेपाशी आणि नेकच्या दोन्ही बाजूंना बॉडीची जी टोकं पुढे येतात त्या शिंगांमध्ये बाक आत वळतो. तिथे सपाट हत्यार पोचत नाही. गोल कानस मारली तर लाटा उठतात. जिगसॉचं पातं ४५ मिमी जाडीत वाकतं, त्यामुळे वरची कड रेषेवर असली तरी खालची कड दीड-दोन मिमी आत गेलेली असते. कच्च्या लाकडावर हे दिसत नाही. लॅकरचे हात चढले आणि गिटार खिडकीपाशी धरली, की प्रत्येक लाट उजेडात उभी राहते. पहिल्या गिटारीच्या एका शिंगाच्या आतल्या बाजूवर मी अकरा दिवस घालवले. मनासारखं झालं नाहीच.

मग आम्ही पिलर ड्रिलच्या (उभ्या ड्रिल मशीनच्या) चकमध्ये, म्हणजे ड्रिल पकडणाऱ्या जबड्यात, सँडिंग ड्रम लावला. सुरुवातीला फार सोपं वाटलं. आता कुणी नवशिका घरी गिटार करायला लागला आणि हा उपाय विचारायला लागला, की मी त्याला तीन गोष्टी सांगते. पहिली, ड्रिलचं बेअरिंग वरून खाली येणारा दाब घ्यायला केलेलं असतं. ड्रमला लाकूड बाजूने दाबलं की त्याच्यावर आडवा भार पडतो. दुसरी, चक नुसत्या टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) घट्ट बसलेला असतो, आणि आडव्या भाराने तो सुटू शकतो. आमचा सुटला. फिरता ड्रम चकसकट खाली आला आणि तिसऱ्या गिटारीच्या बॉडीत बोटभर खड्डा पाडून गेला. भावाचा हात दोन इंच लांब होता. तिसरी, ड्रम एकाच उंचीवर फिरतो, त्यामुळे पेपरचा तेवढाच पट्टा झिजतो, भरतो, तापतो, आणि लाकडावर काळा पट्टा उमटतो.

स्पिंडल सँडरचं सगळं मर्म या तिसऱ्या गोष्टीत आहे. त्यात ड्रम फिरता फिरता वर-खालीही होत राहतो, मिनिटाला साठच्या आसपास वेळा. पेपरचा एकच कण लाकडाच्या एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा येत नाही. ओरखडे तिरके पडून एकमेकांना पुसतात, पेपर उंचीभर सारखा झिजतो, लाकूड जळत नाही. शिवाय काम टेबलावर आडवं ठेवलेलं असतं, म्हणून कड आपोआप काटकोनात येते.

मशीन घ्यायचं ठरलं, पण कोणतं, यात सात महिने गेले. अमेरिकेतला आमचा आतेभाऊ म्हणाला, इकडे चांगली आणि स्वस्त मिळतात, येताना घेऊन येतो. भाऊ खूश. अण्णा म्हणाले, "आधी सायकल विचार त्याला." सायकल म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० सायकल, आपली २३० आणि ५०. व्होल्टचं काम ट्रान्सफॉर्मर करतो. सायकल तो बदलत नाही. इंडक्शन मोटरचा वेग सायकलवर ठरतो, म्हणजे तिथे मिनिटाला १७२५ फेरे मारणारी मोटर इथे १४४०च्या आसपास फिरणार, आणि ६० सायकलसाठी गुंडाळलेली असल्याने तापणारही जास्त. आतेभावाला नको म्हणून कळवलं. पैसे वाचवायला निघालेला माणूस इथे अडकतो, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

दुसरं मशीन एका बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातलं. बिडाचं, उंच, दणकट, कारखान्याच्या थ्री-फेज विजेवर चालणारं. अण्णांना ते बघताक्षणी आवडलं. त्यांचा हात त्याच्या टेबलावरून निघेना. पण घरात सिंगल-फेज. पडवीला साधी फरशी. दाराची रुंदी मोजली तर ते आत येण्यासाठी चौकट काढावी लागली असती. अण्णांनी स्वतःच नको म्हटलं. घरी परतताना रिक्षात ते काही बोलले नाहीत.

राहिली टेबलावर ठेवायची छोटी मशीनं. भावाला पट्टा आणि स्पिंडल दोन्ही असलेलं हवं होतं. नुसतं स्पिंडल घ्यावं असं मला वाटत होतं, कारण सपाट कामाला अण्णांचा डिस्क सँडर होता. डिस्क नसती तर मीही जोडमशीनच घेतलं असतं. हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) आणि नेकच्या टाचेच्या सरळ बाजूंना पट्टा उपयोगी पडतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने त्याचा जरूर विचार करावा.

पुण्याच्या दुकानात आम्ही पिशवीत बॉडीचा ४५ मिमी जाडीचा एक तुकडा, शिसवीची एक पट्टी आणि अण्णांचा गुण्या घेऊन गेलो. दुकानदाराने सौजन्याने सगळं करू दिलं. अण्णांनी आधी टेबलावर गुण्या उभा करून स्पिंडल चारही बाजूंनी पाहिलं. मग मोटर दहा मिनिटं नुसती चालू ठेवायला लावली आणि बाजूला हात ठेवून उभे राहिले. त्यानंतर लाकूड दाबून पाहिलं. मोटर किती लवकर गुदमरते ते वॅटच्या आकड्यापेक्षा इथे जास्त कळतं. एका मशीनचं टेबल पातळ पत्र्याचं होतं, दाबल्यावर लवत होतं. ते तिथेच बाद झालं. ड्रमची उंची ११५ मिमीच्या आसपास होती, आमच्या जाडीच्या अडीचपट. म्हणजे एक भाग झिजला की खाली जाड प्लायवूड ठेवून काम वर उचलायचं आणि ताजा पेपर वापरायचा. भुसा ओढायच्या तोंडाला आमच्या व्हॅक्यूमचा पाइप बसतो का, हे मी पाहिलं. मोटर इंडक्शनची, २३० व्होल्ट, मिनिटाला १४०० फेरे, टेबल बिडाचं, एकूण वजन चौदा किलो. किंमत आमच्या तीन गिटारींच्या मजुरीइतकी होती. सोबत १३ मिमीपासून ७५ मिमीपर्यंतचे ड्रम. त्या दिवशी ते घेऊन आम्ही रात्रीच्या एसटीने परतलो.

पहिल्याच आठवड्यात शिसवीचा एक ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) जळला. कारण शोधायला अण्णांनी कागद घेतला. ७५ मिमीचा ड्रम १४०० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या कडेचा पेपर मिनिटाला साधारण ३३० मीटर धावतो. १३ मिमीचा ड्रम त्याच फेऱ्यांत जेमतेम ५७ मीटर. मोठा ड्रम जाळतो आणि छोटा काम करत नाही असं वाटतं, ते यामुळे. शिसवीला आता आम्ही ८० नंबरचा जाडा पेपरच लावतो, हात हलका ठेवतो, बारीक काम हाताने करतो. बाकात मावेल तेवढा मोठा ड्रम घ्यायचा, छोटा फक्त हेडस्टॉकच्या कोपऱ्यांना. ड्रम ज्या दिशेने फिरतो तिच्या विरुद्ध लाकूड सरकवायचं. त्याच दिशेने सरकवलं तर ते हातातून ओढलं जातं. पेपर भरला तर फेकायचा नाही. जुन्या चपलेच्या क्रेप रबरी तळव्याचा तुकडा फिरत्या ड्रमला टेकवला की भुसा निघून येतो.

धुळीबद्दल मात्र आम्ही उशिरा जागे झालो, आणि त्याची मला खंत आहे. शिसवीच्या जांभळट धुळीने भावाच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं, डोळे सुजले. डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं तेव्हा आम्ही वाचायला बसलो. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात नोंदलेली आहे, हे तेव्हा कळलं. आता व्हॅक्यूमच्या आधी झाकणाचं पिंप बसवलंय, जाड भुसा त्यातच पडतो. चांगला मास्क असल्याशिवाय मशीनचं बटण कुणी दाबत नाही. पै-पाहुणे बघायला आले तरी त्यांनाही मास्क. गिटार हौस म्हणून करणाऱ्याने मशीनच्या किमतीतच या दोन गोष्टी धराव्यात.

आमचं काम सर्वांत जास्त बदललं ते एका कड्याने. उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून अण्णांनी ॲल्युमिनियमचं कडं करून घेतलं. ते टेबलाच्या भोकात बसतं आणि पाच मिमी वर राहतं. ड्रम त्याच्या आत फिरतो, मध्ये अर्धा मिमी मोकळी जागा, कड्याची भिंत तीन मिमीची. बॉडीच्या खाली सहा मिमीच्या प्लायचा साचा चिकटवायचा आणि साचा कड्याला टेकवून फिरवायचा. साचा टेकतो कड्याला, घासली जाते वरची बॉडी. म्हणून साचा खऱ्या आकारापेक्षा सगळीकडून साडेतीन मिमी लहान करायचा. हे समजावताना अण्णांनी ती जुनी आकुंचनाची पट्टी काढून दाखवली. तिथे माप वाढवायचं, इथे कमी करायचं. त्यानंतर आमच्या दोन गिटारींची शिंगं एकमेकींवर ठेवली तर कड जुळू लागली, आणि गिऱ्हाईकाला "आधीच्यासारखीच करून देतो" असं सांगायची हिंमत आली. मी दुकानाची नोकरी सोडली ती त्या दिवाळीनंतर.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी पडवीत शिरलं. सूचना मिळाल्यावर हातात थोडा वेळ होता. आधी तूनाच्या फळ्या वर नेल्या, मग अर्धवट गिटारी, मग भावाने एकट्याने सँडर खांद्यावर टाकून जिना चढला. अण्णांचा डिस्क सँडर जागचा हलला नाही. त्याची मोटर पाण्यात गेली आणि पुन्हा सुरू झाली नाही. रात्री माडीवर बसलो असताना अण्णा म्हणाले, "ते मोठं मशीन घेतलं असतं तर आज तेही खालीच असतं." २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. त्या वेळी सगळं आधीच वर होतं. त्यानंतर आम्ही कामाची जागाच माडीवर नेली. जिन्यावरून नेता येईल तेवढंच मशीन, हा तेव्हापासून आमचा नियम.

पावसाळ्यात आता गोंद लावायचं काम आम्ही ठेवतच नाही. कोल्हापूरच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगलेलं असतं आणि ते वाळलं की सांधे ओढले जातात. ते दोन महिने साचे आणि दुरुस्त्या. बिडाच्या टेबलावर दर आठवड्याला मेण चोळतो, नाहीतर चार दिवसांत तांबूस बुरशीसारखा गंज चढतो. ड्रमवर चढवायच्या पेपरच्या नळ्या (स्लीव्ह) डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत.

गेल्या वर्षी वीस गिटारी झाल्या. मदतीला दोन मुलं आहेत. त्यांतली एक इचलकरंजीची मुलगी माझ्यापेक्षा नेमका हात असलेली आहे. अण्णा आता ऐंशीला आले. मशीनवर उभे राहत नाहीत, पण सोमवारी सकाळी खुर्ची ओढून बसतात आणि तिच्याकडून गुण्या लावून स्पिंडल तपासून घेतात.

एकाच मशीनवर ८० आणि १५० नंबरचे पेपर बदलत राहण्यात दिवसाचा तासभर जातो, म्हणून दुसरं तसलंच मशीन घ्यायचं ठरलंय. भावाला या वेळी तरी जोडमशीन हवंय. डिस्क सँडर गेल्यापासून त्याचं म्हणणं बरोबर आहे, हे मी मान्य केलंय. खिडकीखाली प्लगपासून दोन फुटांवर जागा मोजून खडूने आखून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊ, तो ४५ मिमीचा तुकडा घेऊन.