डरहम बुल्स : एक बैल, दोन मैदानं

डरहमला जाऊन डरहम बुल्स या बेसबॉल संघाच्या नव्या मैदानावरच्या बैलासोबत फोटो काढायचा, मॅच बघायची आणि जवळच्या कॅरी किंवा मॉरिसव्हिलला घरी परतायचं, असा आपल्या बहुतेक मराठी मंडळींचा बेत असतो. मला याची फार चुटपुट लागते. कारण तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, मॉरिस स्ट्रीटला, बुल्सचं जुनं मैदान अजून उभं आहे. मॅच संध्याकाळची असेल तर दुपारी आधी तिकडे जावं आणि मग पायीच दक्षिणेला नव्या मैदानाकडे यावं. उलट क्रमाने गेलात तर अर्धी गंमत जाते.

जुन्या मैदानाची खूण म्हणजे कोपऱ्यावरची तिकीटखिडकी: गोल बुरूज आणि वर शंकूसारखं छप्पर. मैदान 1926 चं. 1939 च्या आगीत लाकडी स्टँड जळाला, तेव्हा काँक्रीट आणि लोखंडाचा नवा बांधला. स्टँड इतका जवळ आहे की पहिल्या रांगेतून बॅटरचे बूट स्पष्ट दिसतात. 1963 मध्ये इथेच जो मॉर्गन हा कृष्णवर्णीय खेळाडू खेळला. वय एकोणीस, उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. पुढे सिनसिनाटीकडून 1975 आणि 1976 अशी लागोपाठ दोन वर्षं तो नॅशनल लीगचा (सर्वोच्च पातळीच्या मेजर लीगचा एक भाग) सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 1990 मध्ये बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण डरहमला आला तेव्हा दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे चालू होते. कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी वेगळं बसायचं, आणि त्यांच्यासमोर त्याने रोज मैदानात उतरायचं. त्याचा 18 नंबर बुल्सनी आता कायमचा राखून ठेवला आहे, दुसऱ्या कुणाला देत नाहीत. नव्या मैदानावर तो नंबर नुसता वाचणं वेगळं आणि हा जुना स्टँड बघून आल्यावर वाचणं वेगळं.

संघाची सुरुवात 1902 ची, तेव्हाचं नाव टोबॅकोनिस्ट्स. हे गाव तंबाखूवर वाढलेलं, आणि इथल्या ‘बुल डरहम’ तंबाखूच्या पिशवीवरचा बैल जगभर पोचलेला. तोच 1913 मध्ये संघाच्या नावात आला. 1972 ते 1979 गावात संघच नव्हता. मग माइल्स वुल्फ नावाच्या माणसाने अडीच हजार डॉलरच्या आत लीगमधली जागा विकत घेतली आणि 1980 पासून जुन्या मैदानात पुन्हा गर्दी व्हायला लागली. 1988 च्या ‘बुल डरहम’ चित्रपटाचं चित्रीकरण इथेच झालं, आणि धूर सोडणारा तो लाकडी बैल मुळात त्या चित्रीकरणासाठीच बनवलेला. गावाला तो इतका आवडला की नंतर काढायची कुणाची छाती झाली नाही.

1990 मध्ये नव्या मैदानासाठी कर्ज काढायचं की नाही यावर मतदान झालं आणि लोकांनी नाही म्हटलं. नव्या मालकाला तर संघ विमानतळाच्या बाजूला न्यायचा होता. शेवटी नगरपालिकेने दुसऱ्या मार्गाने पैसा उभा केला आणि 1995 मध्ये रेल्वेरुळांच्या पलीकडे, अमेरिकन टोबॅकोच्या बंद कारखान्याशेजारी, नवं मैदान उघडलं. माझ्या मते बुल्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विजय हाच. कारखान्याच्या विटांच्या इमारतींत आता ऑफिसं आणि रेस्टॉरंट्स आहेत. लकी स्ट्राइक सिगारेटच्या नावाची टाकी आणि धुराडं तेवढं जपलंय.

नव्या मैदानात नजर खिळते ती लेफ्ट फील्डच्या, म्हणजे बॅटरच्या मागून बघता डावीकडच्या, निळ्या भिंतीवर. उंची 32 फूट, होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) फाउल लाइनजवळचं, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेजवळचं, अंतर फक्त 305 फूट. या दोन आकड्यांवर इथला खेळ फिरतो. उंच, आळशी फटका, जो दुसरीकडे सहज झेलला जाईल, इथे भिंतीपलीकडे जाऊन होमरन होतो. आणि जोरात सपाट मारलेला फटका, जो दुसरीकडे सहज होमरन झाला असता, भिंतीवर आपटून परत येतो. अशा वेळी लेफ्ट फील्डर काय करतो ते बघा. नवखा भिंतीकडे धावतो, चेंडू त्याच्या डोक्यावरून उलटा मैदानात येतो आणि बॅटर दुसऱ्या बेसच्याही (धावताना गाठायच्या थांब्याच्या) पुढे निघून जातो. अनुभवी मात्र भिंतीपासून काही पावलं अलीकडेच थांबतो, टप्पा घेतो आणि वळून थेट दुसऱ्या बेसवर फेकतो. दोन बेस मिळणार म्हणून सुटलेला बॅटर मधेच अडकतो.

बैल याच भिंतीच्या वर. बुल्सचा होमरन झाला की डोळे लाल होतात, शेपटी हलते, नाकपुड्यांतून धूर निघतो. पाटीवर लिहिलंय: बैलाला मारा, स्टेक जिंका, गवताला मारा, सॅलड जिंका.

इथे खेळाडू रोज का बदलतात हे समजून घेतलं नाही तर मॅच अर्धवट कळते. 1998 पासून बुल्स ट्रिपल-एमध्ये आहेत, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली, आणि टॅम्पा बे रेजशी संलग्न. खेळाडूंचे करार रेजकडे. वरचा कुणी जखमी झाला की इथला विमानात बसतो. खाली पाठवलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, साधारणपणे किमान 15 दिवस आणि इतरांना 10 दिवस खालीच ठेवावं लागतं, आणि एकाच खेळाडूला एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा असं पाठवता येत नाही. म्हणून आवडत्या खेळाडूच्या नावाचा शर्ट घेण्यापेक्षा बैलाची टोपी घ्या, ती जुनी होत नाही. एवढ्या ये-जा असूनही बुल्सनी 2009, 2017 आणि 2022 मध्ये ट्रिपल-एचा राष्ट्रीय अंतिम सामना जिंकला, हे मला विशेष वाटतं.

अंपायरचा बॉल-स्ट्राइकचा (चेंडू योग्य पट्ट्यातून गेला की नाही याचा) निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर लगेच स्वतःच्या डोक्यावर थाप मारून दाद मागतो. डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेकडे, बघून विचारायची मुभा नाही. काही सेकंदांत मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग दिसतो. ही पद्धत मेजर लीगच्या आधी ट्रिपल-एमध्येच घासूनपुसून पक्की झाली. मला ती क्रिकेटच्या डीआरएसपेक्षा सरस वाटते, कारण खेळ थांबत नाही. डीआरएसची सवय असलेल्यांनी तुलना करून बघावी. 2023 ला मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कात मेजर लीग क्रिकेट झालं, त्यामुळे या भागात दोन्ही खेळ जाणणारे प्रेक्षक भरपूर आहेत.

तक्रार एकच, पण मनापासूनची: लाउडस्पीकर. दोन इनिंगच्या मधे क्षणभर शांतता नाही, शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. लहान बाळ सोबत असेल तर स्पीकरखालची जागा टाळा. जुलै-ऑगस्टची हवा मुंबईइतकीच चिकट असते, सूर्य मावळेपर्यंत घाम निथळतो. माझं मत विचाराल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर गाठावा. मालिका मंगळवार ते रविवार चालते. सोमवारी बहुतेक सुट्टी असते, तेव्हा सोमवारचा बेत आखू नका.