उजवा कोपरा बसला, चौथ्या खेपेला

बसला! गाडीच्या रंगावर लावायच्या पारदर्शक संरक्षक फिल्मचा कोपरा अखेर चिकटून राहिला. आज अकरावा दिवस. रोज सकाळी ऑफिसला निघताना पुढच्या बंपरसमोर उकिडवं बसतो आणि नखाने कड चाचपतो. अकरा दिवसांत एकदाही नखाखाली काही हललेलं नाही. परवा वाईला जाऊन आलो. जाताना खंबाटकीचा घाट, येताना बोगदा, दोन्ही वेळा पुढे डंपर आणि वरून पाऊस. घरी आल्यावर गाडी धुतली, पुसली, परत नख लावून बघितलं. घट्ट.

मागचे भाग वाचलेल्यांना आठवत असेल, चाकणला जन्मलेल्या या लाल पोलोच्या पुढच्या बंपरचा उजवा कोपरा माझा अख्खा श्रावण खाऊन बसला होता. फॉगलॅम्पच्या खळग्याभोवतालची जागा. डावा कोपरा जुलैतच पहिल्या झटक्यात बसला, म्हणून उजव्याचा जास्तच त्रास झाला. तीच फिल्म, तोच हात, तीच हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र). मग हा का सुटतो?

पहिल्या खेपेची चूक उघड होती. खळग्यावरून फिल्म पुलासारखी ताणली, चारी बाजूंनी अँकर केली, म्हणजे चिकटवून पक्की केली, आणि मग मधला भाग आत दाबला. ताणलेली टीपीयू (ही फिल्म ज्या लवचीक प्लास्टिकची असते ते) मूळ मापावर परतायला बघतेच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खळग्यात तंबू उभा. दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला. फिल्म सैल सोडली, स्लिप (फिल्म सरकावी म्हणून मारायचं शॅम्पूचं पाणी) भरपूर मारली, खळग्याच्या तळाशी टॅक (फिल्म धरावी म्हणून मारायचं द्रावण) मारून पहिला अँकर तिथेच टाकला आणि बाहेरच्या दिशेने सरकत गेलो. तंबू गेला. पण खालची, काळ्या जाळीला लागून असलेली साधारण चार इंचांची कड दोन दिवसांत उचलली. तिसऱ्या खेपेला पोस्ट-हीट केलं, म्हणजे लावून झाल्यावर ऊब दिली, रात्रभर मास्किंग टेपने दाबून ठेवलं. पुन्हा तीच चार इंचं. वरचा भाग, बाजू, सगळं पक्कं. फक्त ती पट्टी केळ्याच्या सालीसारखी खाली लोंबलेली.

जागा बदलत नव्हती, हे मी वेळेवर लक्षात घ्यायला हवं होतं. नुसता ताण चुकत असता, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला फिल्म बोट बोट मोजून त्याच जागी सुटली नसती. पण तोवर मी फिल्म आणि पाणी या दोघांवर संशय घेऊन बसलो होतो.

आधी फिल्म. तिसऱ्या खेपेचा तुकडा मूळ रोलमधला नव्हता, नाना पेठेतल्या एका दुकानातून मीटरवर घेतला होता. दुकानदाराने छातीठोकपणे टीपीयू म्हणून दिला, दरही टीपीयूचाच लावला. हाताला जरा ताठर लागत होता. ताणून सोडला की पूर्ण परत येत नव्हता. मग गच्चीवर जाऊन तांब्याच्या तारेची परीक्षा घेतली. तार लाल होईपर्यंत तापवायची, फिल्मच्या कपट्याला टेकवून थोडा वितळलेला अंश तारेवर घ्यायचा आणि तार पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे माल टीपीयू नव्हे, पीव्हीसी. नखाएवढाच कपटा घ्या, उघड्यावर करा आणि धूर नाकात जाऊ देऊ नका. माझी ज्योत झाली हिरवीगार. दुकानात परत गेलो तर म्हणाले, "साहेब, सगळे हीच नेतात." मीटरवर घेणाऱ्यांनी पैसे मोजायच्या आधी एक कपटा मागून घ्यावा. देत नसतील तर पुढच्या दुकानात जावं.

राग आला, पण प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या खेपेला तर मूळ रोलमधली अस्सल टीपीयूच होती आणि कड तेव्हाही सुटली होती.

मग पाणी. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर यांचं मिश्रण येतं, बाल्दीला आठवड्यात पांढरी कड धरते. स्लिपसाठी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणला आणि त्यात बेबी शॅम्पूचे थेंब टाकले. तिसरी खेप याच पाण्याने केली होती, तरी कड सुटलीच. म्हणजे पाणी निर्दोष. कॅन मात्र आता कायमचा ठेवला आहे, कारण स्क्वीजी (पाणी ओढून काढायची रबरी पट्टी) फिरवल्यावर उरणारे पांढरे ठिपके पूर्ण गेले.

उलगडा केला भाच्याने. रविवारी तो मदतीला आला होता. मी जुनी फिल्म काढून कड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली, हीट गनने जाळीभोवती एक हात फिरवला आणि त्याला म्हटलं, साधं पाणी मार, धूळ बसू दे. त्याने मारलं आणि म्हणाला, "मामा, इथं पाणी थांबतच नाहीये, बघ ना."

खाली वाकून बघितलं. बंपरभर पाण्याचा सलग पातळ पडदा होता, आत लाल रंग काचेखाली ठेवल्यासारखा दिसत होता. आणि जाळीला लागून दोन बोटं रुंदीची पट्टी, तेवढ्याच जागी पडदा फाटलेला. तिथे पाण्याचे गोल मणी होत होते आणि घरंगळून जात होते. पट्टीची लांबी मोजली. चार इंच.

पाणी पळतं म्हणजे तिथे काहीतरी तेलकट आहे. पण मी तर आत्ताच पुसलं होतं! पुन्हा आयपीएने पुसलं, पाणी मारलं, पडदा सलग. मग मुद्दाम जाळीवर मिनिटभर हीट गन धरली, पाणी मारलं, वाट बघितली. मणी परत आले. डावीकडे हेच केलं तर पडदा अखंड.

डावी आणि उजवीतला फरक तेव्हा कळला. जूनमध्ये पार्किंगमध्ये कोणाची तरी स्कूटर लागून डावी जाळी फुटली होती आणि तिथे नवी कोरी बसवली होती. उजवी पहिल्या दिवसापासूनची. इतकी वर्षं दर वॉशिंगला काळ्या प्लास्टिकवर चकाकी आणणारं सिलिकॉनचं पॉलिश लागत आलं आहे. वॉशिंग सेंटरवाल्यांनी लावलं आणि घरी मीही लावलं. ते जाळीच्या खरबरीत पोतात मुरून बसतं. गरम केलं की सुटतं आणि स्लिपच्या पाण्याबरोबर ओघळून रंगावर येतं. म्हणजे दर खेपेला मी कड स्वच्छ करत होतो आणि काम चालू असतानाच जाळी ती पुन्हा तेलकट करत होती. गोंद सिलिकॉनवर धरत नाही, मग फिल्म कोणतीही असो.

चौथी खेप सविस्तर सांगतो, कारण हीच पद्धत आता सगळीकडे वापरणार आहे. जाळी आधी बाहेर काढली. प्लास्टिकची पट्टी घालून हळूहळू उचकटली की क्लिपा सुटतात. एक मोडली, बाकी शाबूत. जाळी भांड्याच्या लिक्विडने ब्रश मारून धुतली आणि दूर ठेवली. रंगाच्या कडेवर आयपीएवर विसंबलो नाही. रंगकाम करणारे पेंटच्या आधी वापरतात तो सिलिकॉन-मेण काढणारा क्लीनर आणला. एक कापड ओलं, दुसरं कोरडं. ओल्याने सैल करायचं आणि वाळायच्या आत कोरड्याने उचलायचं, नाहीतर तेच तेल पसरत जातं. प्रत्येक फटक्याला कापडाची नवी घडी. मग आयपीए, मग पाणी. पहिल्या फेरीत एका टोकाला दोन मणी दिसले. दुसऱ्या फेरीत एक. तिसऱ्या फेरीनंतर पाण्याचा पडदा जागच्या जागी राहिला, कुठेही फाटला नाही. तेव्हाच फिल्मचा लायनर (गोंदावरचं आवरण) सोलला.

जाळी नसल्यामुळे एक मोठा फायदा झाला, जो आधी डोक्यातही नव्हता. कड जाळीच्या रेषेवर कापायची गरजच पडली नाही. साधारण आठ मिलिमीटर फिल्म आतल्या बाजूला वळवली. वळणावर दोन फिंगर, म्हणजे बोटासारख्या सुरकुत्या, उभ्या राहिल्या. त्या दाबून मोडायचा मोह आवरला, फिल्म थोडी उचलली, लांबून ऊब दिली आणि सैल होऊ दिली. डोळ्यांसमोर पहिली फिंगर आखडत गेली आणि सपाट झाली, मागोमाग दुसरी. रिलीफ कट (ताण सोडवायला द्यायचा काप) एकही नाही. चोवीस तासांनी जाळी परत बसवली, आता ती स्वतःच वळवलेली कड आत दाबून धरते आहे.

न कापण्याबद्दल माझं मत आणखी पक्कं झालंय. बॉनेटवर रंगाची जाडी मोजणारा गेज ११२ मायक्रॉन दाखवतो, आणि कारखान्याच्या रंगात क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) साधारण ४० मायक्रॉनचा असतो. बंपर प्लास्टिकचा, तिथे आपला गेज काही दाखवतच नाही. आठ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फिल्म सुमारे २०० मायक्रॉन. म्हणजे ब्लेडने फिल्म पार करून आत किती गेलो हे बंपरवर तपासायला साधनच नाही. जिथे कापणं अटळ आहे तिथे ओल्फाची ३० अंशांची ब्लेडं वापरा आणि दर दोन-तीन कापांनंतर टोक मोडा. स्टेशनरीच्या दुकानातल्या स्वस्त ब्लेडने कापलेली कड भिंगाखाली करवतीसारखी दिसते, आणि तशाच कडेत काळी माती धरते.

मधल्या काळात उजव्या आरशाचं कव्हरही झालं. एकाच तुकड्यात, चाळीस मिनिटांत, एकही लिफ्ट लाइन (फिल्म उचलून परत टेकवल्याची रेघ) नाही. दुपारच्या उन्हात त्यावर हात फिरवला तेव्हा फिल्म कुठे सुरू होते ते माझं मलाच सापडेना. आईला दाखवलं. ती म्हणाली, "अरे, पण लावलीस कुठे?" याहून मोठी पावती मला नको.

त्या पीव्हीसीच्या उरलेल्या तुकड्याचाही उपयोग सापडलाय. घरातली मोठी कढई पालथी घालून त्यावर फुगीर भागाचा सराव आणि परातीच्या आतल्या बाजूने खोलगट भागाचा. ताण टीपीयूसारखा वागत नाही, पण हाताचा क्रम अंगवळणी पडतो. भाच्याने परातीत पहिल्याच दिवशी बिनतंबूचा खळगा भरला.

आता बॉनेट. येत्या रविवारी करायचं ठरलं होतं. रोल १.५२ मीटर रुंद, बॉनेट त्यात आडवं बसतं, आणि पावसामुळे पार्किंगमधली धूळही बसलेली आहे. पण वरचे परिच्छेद लिहिताना एक विचार आला. बॉनेटच्या वरच्या कडेला, वायपरखाली, काळ्या प्लास्टिकची लांब पट्टी आहे. तिलाही इतकी वर्षं तेच पॉलिश लागलं आहे. आणि त्या कडेवर हीट गन तर मी मारणारच.

लिहिणं थांबवून आत्ता बॅटरीचं पाणी आणि आयपीए घेऊन खाली जाऊन आलो. कड पुसली, पट्टीला ऊब दिली, पाणी मारलं. उजवीकडे वीतभर मणी. डावीकडे त्याहून जास्त.

म्हणजे बॉनेट अनंत चतुर्दशीनंतर. त्याआधी वायपर काढायचे, ती पट्टी काढायची, वॉशरचे नोझल काढायचे आणि चारी दरवाजांच्या काळ्या पट्ट्यांजवळ एकेक करून पाणी मारून बघायचं. मोडलेल्या क्लिपेच्या जागी सहा क्लिपा आणून ठेवल्यात. या कामात अजून मोडतील.