जून आहेत, परत दे

मे महिन्यात सोलापुरात दुपारी तीनला बेल वाजली की समजावं, कुरिअरवाला आलाय. दुसऱ्या कुणाची त्या उन्हात बाहेर पडायची टाप नसते. पोराला आधी माठातलं पाणी दिलं, मग सही केली आणि पंख्याखाली बसून खोकं फोडलं. आत इनलाइन स्केट्सची, म्हणजे बुटाखाली एका ओळीत चार चाकं असतात त्या स्केट्सची, आठ चाकं होती. पांढुरकी, गुळगुळीत, नव्या साबणाच्या वडीसारखी.

आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिनं त्यातलं एक चाक उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि अंगठ्याचं नख त्यात रुतवायला गेली. नख काही रुतलं नाही.

"जून आहेत की रे. परत दे."

लक्ष्मी मंडईतले भाजीवाले आईच्या या नखाला चांगले ओळखून आहेत. ती भेंडीचं शेपूट मोडून बघते, दुधीला नख लावते, कणसाची सालं जरा बाजूला करून दाणा दाबते. दाण्यातून दूध आलं तर घ्यायचं, नाहीतर पुढच्या गाळ्यावर. एकदा एक भाजीवाला वैतागून म्हणाला होता, "मावशी, सगळ्या दुधींना तुमची सही झाली की ओ!"

मी म्हटलं, "आई, मुद्दाम जूनच मागवलीत."

तिनं माझ्याकडे बघितलं. चौवेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःच्या मापाचे स्केट्स घेऊन घरी आलो होतो, त्या दिवशीही असंच बघितलं होतं.

गंमत अशी, की आईच्या नखाचंच पुढे शास्त्र झालंय. १९२०च्या दशकात अल्बर्ट शोर नावाच्या एका अमेरिकी माणसानं एक उपकरण काढलं. त्याचं टोक रबरासारख्या वस्तूवर दाबायचं, ते किती आत जातं त्यावरून काट्यावर आकडा येतो. कमी गेलं तर आकडा मोठा. स्केटच्या चाकावर '८० मिमी, ८५ए' असं छापलेलं असतं, त्यातले ८० मिलिमीटर म्हणजे चाकाचा व्यास आणि ८५ए म्हणजे शोरसाहेबाच्या नखाची सही. आकडा जितका मोठा, तितकं चाक जून. अठ्ठ्याहत्तर म्हणजे कोवळं, पंच्याऐंशी म्हणजे निबर, नव्वदीला तर भाजी शिजायचीच नाही.

हे शहाणपण मला पडून आलं.

सुरुवात लेकीची. तिला स्केटिंगचा क्लास लावला, तीन महिन्यांनी तिनं सोडला. रोज सकाळी तिला सोडायला जाणारा मी मात्र कठड्यावर बसून बसून इतका गुंतलो की तिनं सोडलं आणि मी धरलं. क्लासमधली सगळी पोरं माझ्या कमरेएवढी. सर बावीस वर्षांचे, मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो. पहिल्या आठवड्यात एक चिमुरडी माझ्याभोवती गोल फिरत म्हणाली, "काका, तुम्ही सारखं पडायलाव की!" यात माझ्या पडण्याबद्दल सहानुभूती वगैरे काही नव्हती, नुसती नोंद होती.

चालायला महिन्याभरात आलं. थांबायला येईना. स्केटच्या टाचेला रबराचा एक ठोकळा असतो, तो ब्रेक. पण क्लासमधल्या एकाही मोठ्या पोराच्या स्केटला तो नव्हता, म्हणून मीही पाना घेऊन काढून टाकला. या वयातही आपण कुणाच्या बघण्यावरून काय काय करतो! मग मागचा पाय आडवा घासत थांबायचं शिकलो. त्याला टी-स्टॉप म्हणतात. हे मला लगेच जमलं, कारण अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर सायकल अशीच थांबवत आले. ब्रेकचं रबर झिजलं की नवं आणायचं ते उद्यावर ढकलायचे आणि उजवी चप्पल रस्त्याला घासत, ऐटीत, दारासमोर बरोबर उतरायचे. उजवी चप्पल नेहमी आधी जायची. चांभार तिच्यावर टायरचा तुकडा ठोकून द्यायचा, डावी तशीच. त्यामुळे अण्णा जरा डावीकडे कलून चालायचे असं आईचं म्हणणं होतं. मला ते कधी दिसलं नाही.

माझ्याही उजव्या स्केटची चाकं आतल्या बाजूनं उताराला लागली. चाकं फिरवून लावावी लागतात: पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आणि आतली बाजू बाहेर. रविवारी दुपारी षट्कोनी पाना घेऊन हे करत बसलो की घर शांत होतं. मला मुळात स्केटिंगपेक्षा हेच जास्त आवडतं की काय, असा मधूनमधून संशय येतो.

पण खरी हौस होती ती स्लाइडची. ती मोठी पोरं वाऱ्यासारखी येतात, येता येता गिरकी घेऊन पाठमोरी होतात, एक पाय लांब फेकतात आणि चारी चाकं आडवी घसटत जागच्या जागी उभी राहतात. आइस हॉकीवाले बर्फावर पातं आडवं करून थांबतात, हे त्याचंच भावंड. तिथं पातं बर्फ खरवडतं. इथं रस्ता खरवडला जाणार नाही, तेव्हा चाकानंच घसरायला राजी व्हायला हवं. आणि चाकाचा जन्म तर न घसरण्यासाठी झालेला. सगळी भानगड इथे आहे.

मी काय केलं, तर चांगली मऊ, अठ्ठ्याहत्तर एची चाकं मागवली. गादी मऊ चांगली, भाकरी मऊ चांगली, तर चाकही मऊच चांगलं असणार. (भाकरीचं म्हणाल तर आमच्याकडे कडक भाकरीही तितक्याच भक्तीनं खातात, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर. तिथंच मला सुचायला हवं होतं.) ती चाकं घालून डांबरी रस्त्यावर असा तरंगत गेलो की रस्त्यावरची खडी पायाला कळलीसुद्धा नाही. मग मैदानावर आलो, वळलो, पाय फेकला. चाकांनी जमीन धरली, सोडली, परत धरली, टक-टक-टक, आणि तिसऱ्या टकला सोडलीच नाही. पाय तिथंच राहिला, मी पुढे गेलो. ढोपराला संरक्षण होतं, कोपराला होतं, जिथं आपटलो तिथलं संरक्षण मात्र मी घेतलेलंच नव्हतं.

सर आले, मला उठवलं आणि चाकाला नख लावलं. शपथेवर सांगतो, आईसारखंच.

"काका, ही पकडतात ओ. स्लाइडला पंच्याऐंशीच्या खाली जाऊ नका. आणि चाकं मोठी नकोत, ऐंशीच्या आतली घ्या. जितकं उंच तितकं आडवं पाडायला अवघड."

"मग रस्त्यावर?"

"रस्त्यावर दात हलतील."

म्हणजे एकाच जातीच्या चाकांवर संसार भागत नाही. खडबडीत डांबरावर कोवळं, गुळगुळीत कोब्यावर जून. त्यात सोलापूरचं ऊन. तापलं की हे पॉलियुरेथेन आणखी नरम पडतं, म्हणजे सकाळी जे चाक घसरेल ते दुपारी बाराला चिकटून बसेल. दुपारी बाराला स्केटिंग करणारा सोलापुरात कोण आहे, हा भाग वेगळा.

थांबता न येण्याचा मला तसा जुना अनुभव आहे. साखर पेठेत आमच्या गल्लीत बेअरिंगची गाडी होती. एक फळी, मागे दोन बेअरिंग, पुढे आडव्या दांडक्याला एक, दांडक्याला सुतळी. बेअरिंग भंगारवाल्याकडून आणायचे आणि रॉकेलमध्ये रात्रभर भिजत घालायचे. लोखंड थेट रस्त्यावर, त्यामुळे आवाज असा यायचा की म्हाताऱ्या दार उघडून शिव्या द्यायच्या, काही तेलुगूत, काही मराठीत. गल्लीला जो काय हातभर उतार होता तो आमच्या लेखी घाट होता. ब्रेक नव्हता. उताराच्या टोकाला एका घराचं बांधकाम कित्येक वर्षं रखडलं होतं, त्याच्या वाळूच्या ढिगाऱ्यात घुसायचं, हाच ब्रेक. एके दिवशी त्या माणसाला पैसे मिळाले असावेत. आम्ही शाळेतून आलो, गाडी काढली, सुटलो, आणि समोर वाळूच नाही. भिंत.

माझ्या हनुवटीवर अजून तीन टाके आहेत.

मोठेपणी जोसेफ मर्लिनची गोष्ट वाचली तेव्हा म्हणूनच हसू आलं नाही. अठराव्या शतकातला हा कारागीर बेल्जियमकडचा, १७६०मध्ये लंडनला आला. चाकाचे जोडे त्यानं स्वतः बनवले आणि सांगतात की, ते घालून, व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला. वेग आवरता येईना, वळताही येईना, आणि समोर पाचशे पौंडांहून महागडा आरसा. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं, स्वतःही रक्तबंबाळ. लोक चाकं बनवतात आणि थांबायचं मागाहून बघू म्हणतात. आमच्या गल्लीतही तेच झालं होतं, फक्त व्हायोलिन नव्हतं.

त्या गल्लीत नीट थांबायला एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे माग. अण्णा चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. कारखाना कसला, घराला लागून पत्र्याची शेड, त्यात आठ माग. धोटा इकडून तिकडे जाताना दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. आणि बाणा तुटला की माग आपला आपण थांबायचा. आडवा धागा जागेवर आहे की नाही हे चाचपणारा एक बारीकसा काटा असतो. त्याला धागा लागला नाही की खटका पडतो आणि खलास. लहानपणी मला ती जादू वाटायची. अण्णा दुसऱ्या मागावर पाठ करून उभे असले तरी नुसत्या आवाजातल्या खळग्यावरून वळायचे.

रात्रपाळीचा खटाक-खटाक आमच्या उशाशीच असायचा. पाहुणे पहिल्या रात्री डोळा लावू शकायचे नाहीत. आम्ही मात्र त्याच आवाजात ढाराढूर. झोप मोडायची ती वीज गेली की. सगळ्या गल्लीतले माग एका क्षणी गप्प व्हायचे आणि घरोघरी माणसं उठून बसायची. आई सगळ्यांत आधी. अंधारात तिचा आवाज यायचा, "लाईट गेली का?" कुणी उत्तर द्यायचं नाही. गेलेलीच असायची.

आता जुळे सोलापुरात राहतो. इथे माग नाहीत. पार्किंगला छान घोटलेला कोबा आहे, रात्री दहानंतर माणसं वर गेली की तो माझा. काल रात्री जून चाकं लावून खाली उतरलो. आई पहिल्या मजल्यावर गॅलरीत खाट टाकून पडली होती. घरातल्या उकाड्यात तिला झोप येत नाही.

नव्या चाकांवर कारखान्यातली चकाकी असते, ती जाईपर्यंत अर्धा तास नुसता फेऱ्या मारत राहिलो. घर्र, घर्र, घर्र. वॉचमन खुर्ची घेऊन लांब जाऊन बसला. मग सरांनी सांगितलेलं मनात घोकलं: सगळं वजन डाव्या पायावर, गुडघा वाकवून खाली बसा. उजवा पाय टाकायचा नाही, ठेवायचा. आधी नुसता स्पर्श, मग दाब. घोटा उभा ठेवलात तर चाक चावणार, जितका जमिनीकडे पाडाल तितकं घसरणार. आणि कान उघडे ठेवा काका. टक-टक झालं म्हणजे धरतंय, फर्र झालं म्हणजे सुटतंय.

पहिल्यांदा टक-टक. दुसऱ्यांदा पाय ठेवायचं धाडसच झालं नाही, सरळ जाऊन वॉचमनच्या सायकलीला मिठी मारली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

मग एकदा कधीतरी, फार विचार न करता, वळलो आणि पाय ठेवला. फर्रर्र. कापडवाला कात्रीनं जरासं कातरून मांजरपाट दोन्ही हातांनी फाडतो ना, अगदी तस्सा आवाज. हातभर, दोन हात, आणि मी उभा. पडलो नाही, सायकल नाही, भिंत नाही. कोब्यावर चार पांढऱ्या रेघा. पार्किंगमध्ये इतकी शांतता की ट्यूबलाइटची घुंई ऐकू यायला लागली.

वर गॅलरीत खाट करकरली.

"काय रे," आई म्हणाली, "लाईट गेली का?"