आठशेची नोंद: घाटातला चोर सापडला, बहुतेक

मंडळी, घाटात आमची आठशे बंद पाडणारा चोर सापडला. खरं तर एक सापडला, त्याच्या मागोमाग त्याचा साथीदार सापडला, आणि दोघांचा मुकादम टाकीत बसलाय असा दाट संशय आहे. म्हणून शीर्षकात 'बहुतेक'.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. ९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारं जुन्या पद्धतीचं यंत्र), मीटरवर २ लाख ६१ हजार किलोमीटर. इंजिन एकदाच उघडलेलं, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन अजून एकमेकांना धरून आहे. सपाटीला तक्रार शून्य, कराडपर्यंत ८० ला लावा, चूं करत नाही. पण मार्च लागला की घाटात नखरे सुरू. साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट चढून वर चहाला थांबलं आणि परत चावी फिरवली की सेल्फ मजेत फिरतो, इंजिन लागतं, जरा चालतं, मग झटके देतं आणि गप्प. बॉनेट उघडं टाकून तास-अर्धा तास बसलं की जणू काही झालंच नव्हतं.

कॉइलचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीला वीज पुरवणाऱ्या भागाचा विषय आधी मिटवतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं होतं की दोष तिचाच. आमच्या मिस्त्रींचंही. "साहेब, कॉइल तापली की सोडतीय बघा. नवी टाका, विषय संपला." म्हटलं, मिस्त्री, आधी ठिणगी बघू, मग कॉइल बघू. डिकीत एक जादा प्लग आणि वायर ठेवूनच दिली होती. पुढच्या वेळी गाडी वर बंद पडली तेव्हा लगेच प्लग हेडला टेकवून (कार्बोरेटरपासून लांब, हे सांगायला नको) मुलाला सेल्फ मारायला लावला. ठिणगी निळी, जाड, कडकडीत. कॉइल निर्दोष सुटली.

मग ती काच. आठशेच्या कार्बोरेटरला फ्लोट चेंबरवर (पेट्रोल साठतं त्या छोट्या कप्प्यावर) पेट्रोलची पातळी दाखवणारी छोटी गोल काच असते. बहुतेक गाड्यांत ती मळाने इतकी भरलेली असते की ती आहे हेच मालकाला माहीत नसतं. तिच्यासारखा फुकटचा डॉक्टर नाही. चालू गाडीत पातळी काचेच्या मध्यावर दिसली पाहिजे. गाडी बंद पडल्या पडल्या टॉर्च मारला, तर चेंबर कोरडं. म्हणजे भांडण विजेचं नाही, पेट्रोलचं. पेट्रोल वर येतच नाही.

इथून पुढे माझाही पहिला संशय तुमच्यासारखाच, व्हेपर लॉक, म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. आपल्या गाडीत टाकी मागे आणि पेट्रोल ओढणारा पंप पुढे, इंजिनच्या हेडवर, कॅमच्या (इंजिनबरोबर फिरणाऱ्या दांड्यावरच्या उंचवट्याच्या) धक्क्यावर चालणारा. म्हणजे पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. ओढलं की नळीतला दाब कमी, आणि दाब कमी की उकळायला कमी उष्णता पुरते. घाटात वर गेलं की हवेचाच दाब उतरतो. कासच्या उंचीला, म्हणजे साधारण १२०० मीटरवर, समुद्रसपाटीपेक्षा १२-१३ टक्क्यांनी कमी. थांबल्यावर समोरून येणारं वारं बंद, आणि इंजिनची सगळी धग पंपावर आणि नळ्यांवर. एमपीएफआयवाल्यांना, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाड्यांना, हे दुखणं नाही, त्यांचा पंप टाकीत बसून दाबाने ढकलतो. त्यांनी हसून घ्यावं.

आणि या सगळ्यावर इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० चे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे, पहिले पेट्रोल पंप सुरू झाले आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं. आपल्याला पंपावर दुसरं काही विचारायची सोय राहिली नाही. एकटं इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, पण पेट्रोलमधल्या हलक्या घटकांशी गाठ पडली की ती जोडी दोघांच्याही आधी वाफ धरते. माझे दाजी वाळवा तालुक्यातले, घरचा ऊस. त्यांना फोनवर म्हटलं, "दाजी, तुमचा ऊस माझ्या कार्बोरेटरपर्यंत पोचलाय." ते म्हणाले, "मग एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला दर) मिळू दे, तुझ्या कार्बोरेटरचे पैसे देतो." म्हणजे मिळाले.

जुन्या पद्मिनीवाल्यांचा उपाय, पंपावर ओलं फडकं, तोही केला. गाडी लगेच लागली, पण पुढच्या चढाला परत तेच. इथे मला खटकलं. नुसती वाफ असती तर पंप गार झाल्यावर चालत्या गाडीत, वारं लागत असताना, परत बंद पडायचं कारण नव्हतं. पंप बदलून पाहिला, फरक नाही. जुना पंप बोट लावून तपासला तर ओढ उत्तम. तो आता डिकीत राखीव.

मग राहिल्या नळ्या. टाकीच्या लोखंडी पाइपापासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून पंपापर्यंतचे रबरी तुकडे. बाहेरून ठणठणीत, एक चीर नाही. पंपाजवळचा तुकडा दाबल्यावर जरा जास्त मऊ लागला, एवढंच. काढला, ब्लेडने उभा चिरला, आणि मंडळी, त्या चिरलेल्या नळीकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो. आतला थर शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला. एका टोकाला चिकटलेला, दुसरं टोक मोकळं. गरम झालं की रबर फुगतं, पंपाने ओढ घेतली की पापुद्रा आत खेचला जाऊन नळीचं भोक झाकतो. इंजिन बंद, ओढ बंद, थंड झालं की पापुद्रा आपल्या जागी. म्हणून तासाभराने गाडी शहाण्यासारखी लागायची. बाहेरून बघून हे आयुष्यात कळलं नसतं. ज्यांच्या गाड्या फक्त गरम असताना आणि फक्त चढाला पेट्रोल सोडतात, त्यांनी कॉइल घेण्याआधी पंपाच्या ओढीकडच्या सगळ्या रबरी नळ्या काढून चिराव्यात. चिरूनच बघा. फुंकून काही कळत नाही, कारण फुंकताना पापुद्रा उलट दिशेला दबतो.

आता नळी कुठली घ्यायची, यावर माझं मत ठाम झालंय. इथल्या एका दुकानात 'ई-२० ची आहे' म्हणून जी दाखवली तिच्यावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. काही छापलेलं नसेल तर ती बागेला पाणी घालायला ठेवा. एसएई जे-३० आर-९ अशी, इंधनाच्या नळ्यांच्या मानकाची खूण हवी. तिचा आतला थर फ्लोरोइलास्टोमरचा असतो, तो इथेनॉलला दाद देत नाही. आर-७ कार्बोरेटरच्या दाबाला पुरते, पण आतलं रबर सहसा नायट्राइल जातीचं, परत तीच कथा. मला शेवटी पुण्यात नाना पेठेत मिळाली. दर ऐकून आवंढा गिळला, पण लागते किती, एक-दीड मीटर. जुना तुकडा बरोबर न्या आणि आतला व्यास मापून घ्या. 'चालून जाईल' ऐकलं की दुकान बदला.

क्लॅम्पही तेच. पट्टीला खाचा असलेले स्क्रूचे क्लॅम्प एवढ्या बारीक नळीवर गोल बसत नाहीत, एका बाजूला रबर कापतात आणि दुसऱ्या बाजूने हवा ओढतात. ओढीच्या बाजूला हवा आत येते, पेट्रोल बाहेर येत नाही, म्हणून गळती दिसतही नाही. बोल्टने आवळायचे, गुळगुळीत पट्टीचे छोटे क्लॅम्प घ्या.

नळ्या बदलल्या, यवतेश्वर चढलो, चहा घेतला, गाडी लागली आणि चालली. मी तिथल्या तिथे दुसरा चहा सांगितला. मग त्याच खुशीत पुढे कासच्या रस्त्याला लागलो, तिथे भर उन्हात थांबलो, आणि परत आल्यावर हलकेसे झटके. बंद नाही पडली, पण काचेत पातळी निम्म्यावर.

पुढचा बेत इलेक्ट्रिक पंप लावायचा होता, टाकीजवळ, म्हणजे ओढायचं ढकलण्यावर येईल. तो रद्द. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आत सोडणाऱ्या सुईला २-३ पीएसआय (दाबाचं माप) पुष्कळ झाले. बाजारात सहज मिळतात ते एमपीएफआयचे, ३० च्या वर ढकलणारे. त्याला रेग्युलेटर लावा, शिवाय अपघातात इंजिन बंद पडलं तर पंप तोडणारी वायरिंग करा. आठशेचा साधेपणा मारून टाकायचा असेल तर मग दुसरी गाडीच का घेऊ नये? पंपाखाली जाड फायबरचा ठोकळा एमआयडीसीत लेथवर करून घ्यायचाही विचार होता, म्हणजे हेडची धग पोचणार नाही. पण ठोकळा जाड केला की पंप कॅमपासून लांब जातो, धक्का अपुरा बसतो आणि ओढच कमी होते. तेही बाद.

हे कागदावर रेखाटत असताना पंपाची तिसरी नळी डोळ्यासमोर आली. परतीची! पंपाला तीन तोंडं आहेत: येणारी, कार्बोरेटरला जाणारी, आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी. ती परतीची नळी वाफेची सुटकेची वाट. पेट्रोल फिरतं राहतं, गरम झालेलं मागे जातं, थंड येतं, बुडबुडे टाकीत निघून जातात. ती तुंबली तर पंपात तापलेलं पेट्रोल तिथेच उकळत बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाकडचं टोक सोडून टाकीचं झाकण उघडलं आणि पायपंपाने हळू हवा सोडली. टाकीत बुडबुड काही नाही. हवा जातच नव्हती.

मधला लोखंडी पाइप गाडीखालून मागे जातो. दोन्ही टोकं सोडवून सायकलच्या ब्रेकची आतली तार त्यात फिरवली, मग कॉम्प्रेसर. आधी काही नाही, मग एकदम तपकिरी गाळाची पिचकारी, गॅरेजच्या भिंतीवर. भिंत अजून पुसलेली नाही, पुरावा आहे. सगळं जोडलं, परत हवा सोडली, आणि टाकीतून तो गुडगुड आवाज आला. मिस्त्री म्हणाले, "हुक्का झाला की हो गाडीचा." त्यानंतर कासला भर दुपारी मुद्दाम उन्हात उभी केली. चावी, लागली, गेली. काचेत पातळी मध्यावर. कॉइल अजून जुनीच आहे, मिस्त्रींना रोज सांगतो.

पण तो गाळ आला कुठून? इथे मुकादम. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवतं आणि पाणी धरतं. मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जातं आणि टाकीचा तळ गंजवतं. एका काचेच्या मोजपात्रात टाकीतलं पेट्रोल घेतलं, वर मोजून थोडं पाणी घातलं, हलवून ठेवलं. पाण्याचा थर फुगला, तो इथेनॉल ओढून घेतो म्हणून. जितका फुगला तितकं इथेनॉल, माझ्याकडे साधारण २० टक्क्यांच्या आसपास. मला खरं तर, पाणी घालण्याआधीच, तळाला सुटलेलं पाणी दिसतं का ते बघायचं होतं. होतं, अगदी थोडं, पण तांबूस.

म्हणून टाकी उतरवायची. आतून इपॉक्सी लेप लावायचा सल्ला खूप जण देतात. मला तो पटत नाही. गंज नीट निघाला नसेल तर लेप सुटतो आणि त्याचे पापुद्रे परत फिल्टरमध्ये. पापुद्र्यांचा मला आता वीट आलाय. टाकीजवळ एक पारदर्शक फिल्टर लावावा असं हे लिहिता लिहिता सुचलं, पण तो ओढीच्या बाजूला आणखी एक अडथळा. नको. बरी दुसरी टाकी मिळाली तर सरळ बदलायची.

जेटचंही थोडं (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक). ई-२० ला पूर्ण जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, साध्या पेट्रोलला १ ला १४.७, याला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने देत राहतो, म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. माझे प्लग पांढरट निघाले, आणि ॲक्सिलरेटर देताना एक गचका होताच. भरपाईला सुमारे ८ टक्के जास्त पेट्रोल हवं, म्हणजे जेटचा व्यास फक्त ४ टक्क्यांनी वाढवायचा. एक नंबर वरचा मुख्य जेट घातला, गचका गेला. ड्रिल घेऊन जेट मोठा करणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका करू. आयडलिंगचा स्क्रू मात्र जपून, पीयूसीला आपल्या जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. मायलेज घटलंच आहे. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातही जुन्या चारचाकींना ६-७ टक्के फटका बसेल असं म्हटलं होतं, त्यामुळे त्यावर डोकं फोडत नाही.

बाकी किरकोळ. दुसऱ्या गिअरची करकर गिअर ऑइल बदलल्यावर थंडपणीच राहिलीय. टायमिंग बेल्ट पुढच्या महिन्यात, तिथे मी एक किलोमीटरही उधार ठेवत नाही. २०२८ ला पुन्हा पासिंग आहे, आणि तोपर्यंत ३ लाख गाठायचे आहेत.

आता मदत हवी. कार्बोरेटरवाल्या आठशेची, परतीच्या तोंडाची, तळ न गंजलेली टाकी सातारा, कराड, सांगली कुठेही भंगारात दिसली तर सांगा. आणि टाकीतल्या फ्लोट युनिटखालचं (किती पेट्रोल उरलंय ते काट्याला सांगणारं) गॅस्केट कुणी ई-२० ला टिकणारं वापरलंय का? कॉर्कचं मिळतंय, पण फुगेल अशी भीती आहे.